शिक्का, शाई आणि पाण्याची साक्ष

वज्रेश्वरीस जाणारा यात्रेकरू आधी पायऱ्या चढून देवीचे दर्शन घेतो आणि मग अकलोलीच्या उन्हाळ्यांकडे वळतो. तानसा नदीच्या काठाकाठाने ही कढत पाण्याची कुंडे पसरलेली आहेत. त्यांपैकी कोणी सूर्याचे, कोणी अग्नीचे, तर कोणी रामलक्ष्मणांचे नाव धारण केले आहे. आमच्या मामांचे घर ह्याच गावी असल्यामुळे आमच्या बाळपणीच्या सुट्या येथे गेल्या. स्नानास निघण्यापूर्वी मामी आपली चांदीची जोडवी काढून घरी ठेवीत असत. कुंडाच्या पाण्याने ती काळी पडतात हे एक कारण, परंतु त्यांचे दुसरे म्हणणे असे की, "अस्सल चांदी असेल तीच काळी पडते, खोटीला काही होत नाही. देवीचे पाणी बरोबर ओळखते."

पुढे महाविद्यालयात रसायनशास्त्राची तोंडओळख झाली तेव्हा ह्या विधानातील पहिला अर्धा भाग खरा व दुसरा खोटा असल्याचे आम्हांस कळून आले. पाण्यातून निघणाऱ्या गंधकयुक्त वायूमुळे चांदी काळवंडते हे खरे आहे. परंतु तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेला दागिनाही तसाच काळवंडतो, कारण पाण्याची गाठ पडते ती वरच्या मुलाम्याशी. म्हणजे कुंड साक्ष देते, पण ती साक्ष तोतयाच्याही बाजूची असते. हीरो राजाच्या मुकुटाची परीक्षा करणाऱ्या आर्किमिडीजने पाण्यास अधिक नेमका प्रश्न विचारला, म्हणून त्यास नेमके उत्तर मिळाले, अशी कथा आहे. असो. मामींच्या जोडव्यांनी आमच्या मनात जो प्रश्न घालून ठेवला तो मात्र पुढे इतिहासाच्या अभ्यासातही आमची पाठ सोडीना. खऱ्यावर खूण करावयाची ती अशी पाहिजे की खोट्याला ती धारण करता येऊ नये. आणि ती तपासण्याचे साधन तरी कोणाच्या हाती असावे?

आपल्याकडच्या जुन्या दप्तरांत ह्या प्रश्नाचा विचार फार बारकाईने झालेला दिसतो. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण आज सरसकट वापरतो, परंतु शिक्का आणि मोर्तब ह्या दोन निरनिराळ्या वस्तू होत्या ह्याचे स्मरण थोड्यांस असते. शिक्का पत्राच्या माथ्यावर, आणि मोर्तब, म्हणजे लहानशी समाप्तिमुद्रा, पत्राच्या शेवटी. शिवछत्रपतींच्या समाप्तिमुद्रेवर ही येथे मर्यादा शोभते अशा अर्थाचे शब्द आहेत, व पेशव्यांच्या पत्रांच्या शेवटी 'लेखनसीमा' येते. ह्यात शोभेचा भाग थोडा आणि सावधगिरीचा भाग फार. पत्र संपले ती जागा मुद्रेने बांधून टाकली, म्हणजे मागाहून कोणास 'आणि पड जमीन चार बिघे' अशी एक ओळ खाली घुसडता येत नाही. लांब कागद हवा असल्यास बंदास बंद चिकटवीत. त्या सांध्यावरही मुद्रा उमटवीत, म्हणजे मधला बंद काढून दुसरा डकविल्यास मुद्रेचे दोन अर्ध एकमेकांस जुळावयाचे नाहीत. शिवाय पत्र बाहेर पडण्यापूर्वी त्याची नोंद दप्तरात होई व तसा 'बार' झाल्याचा शेरा त्यावर पडे. म्हणजे कागद गावी आणि त्याचा साक्षीदार हुजूर दप्तरात. आजच्या कचेरीतील 'बारनिशी' हा शब्द कानांवर पडला की आम्हांस तो जुना शेरा आठवल्यावाचून राहत नाही.

परंतु ह्याहूनही आम्हांस मोह पडतो तो गावच्या महजरांचा. वतनाच्या तंट्यात गोतसभेपुढे निवाडा झाला म्हणजे त्या कागदावर जमलेल्या लोकांच्या निशाण्या होत. पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू आणि बलुतेदारांची आपापली हत्यारे तेथे ओळीने काढलेली दिसतात. अक्षरशत्रू माणसाने केलेली ही नांगराची आकृती नक्कल करावयास किती सोपी! तरीही महजर खोटा करणे कठीण होते. कारण त्याचे बळ आकृतीत नव्हते. ती काढताना आजूबाजूस जी पंचवीस माणसे बसली होती, त्यांच्या आठवणीत ते होते. एखाद्या तंट्यात कागद आणि माणसे दोन्ही अपुरी पडली तर प्रकरण दिव्यापर्यंत जाई. तापलेल्या तेलातून धातूचा रवा काढणाऱ्याचे हात पिशवीत बांधून त्या पिशवीवरही मोहोर करीत, आणि ठरल्या दिवशी ती मोहोर सर्वांसमक्ष फोडीत. साक्षीदारास नदीच्या पात्रात उभे करून बोलावयास लावण्याची चालही होती. नदी काही सांगत नसे, हे उघडच आहे. परंतु पाण्यात उभ्या राहिलेल्या माणसास खोटे बोलणे जड जाई. पाण्याची साक्ष आपल्याकडे इतकी जुनी आहे.

नाण्यांची गोष्ट थोडी निराळी. न्यायमूर्ती रानडे ह्यांनी मराठेशाहीतील नाणी व टांकसाळी ह्यांवर १८९९ साली निबंध वाचला. तो पाहिल्यास मराठी मुलुखात टांकसाळी किती विखुरलेल्या होत्या व नाण्यांचे प्रकार किती होते ह्याची कल्पना येते. अशा बाजारात खऱ्याखोट्याचा निवाडा सराफाच्या कसोटीवर आणि त्याच्या कानावर चाले. तो नाणे दगडावर आपटून त्याचा नाद ऐके व वाटेल तो बट्टा कापून घेई. नावाला बट्टा लागणे हा वाक्प्रचार आपणांस ह्याच सराफाने दिला. परीक्षेचे साधन एका वर्गाच्या हाती गेले म्हणजे त्या वर्गास परीक्षेची किंमतही वसूल करता येते, एवढे येथे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

१८५२ हे साल ह्या विषयाच्या इतिहासात मोठे चमत्कारिक आहे. त्या साली मुंबई इलाख्यातील इनामांची चौकशी करण्यासाठी अकरावा कायदा मंजूर झाला, आणि इनाम कमिशनपुढे घरोघरच्या सनदा बाहेर निघाल्या. पिढ्यान्‌पिढ्या देवघरात पुजलेले कागद सरकारी मेजावर मांडून मुद्रा, तिथी, अक्षर व कागद ह्यांची शहानिशा सुरू झाली, आणि कित्येक घराण्यांची इनामे गेली. त्याच साली सिंध प्रांतात बार्टल फ्रिअर ह्यांच्या अमदानीत टपालासाठी 'सिंद डाक' ही उठावाची तिकिटे निघाली. आशिया खंडातील ती पहिली टपाल तिकिटे होत. आणि त्याच साली केंब्रिज येथे प्राध्यापक स्टोक्स ह्यांनी क्विनाइनच्या पाण्यावर प्रयोग करून असे दाखविले की, डोळ्यांस न दिसणारा अतिनील किरण काही पदार्थ गिळतात व त्याच्या मोबदल्यात दिसणारा निळा प्रकाश परत देतात. ह्या गुणास पुढे प्रतिदीप्ती हे नाव पडले. हिवतापावर कडू घोट देणारी क्विनाइन पुढे नोटांच्या रक्षणास बोलावल्या जाणाऱ्या पदार्थांची अशी थोरली बहीण ठरली. कमिशनच्या मेजावरील सनद, कराचीचे तिकीट आणि केंब्रिजचे निळे पाणी ह्यांचा तेव्हा एकमेकांशी काडीइतका संबंध नव्हता. तो यावयास पाऊणशे वर्षे लागली.

तिकिटे निघाली त्याबरोबर एक नवाच चोर जन्मास आला. हा नवे तिकीट बनविण्याच्या खटाटोपात पडत नसे. जुनेच तिकीट धुऊन पुन्हा चिकटवी. इंग्लंडात १८४० साली काळे पेनी तिकीट निघाले तेव्हा त्यावर तांबडा छाप मारीत. तो छाप लोक सहज पुसून टाकीत व तिकीट पुन्हा चालवीत, म्हणून वर्षाच्या आत सरकारास तिकीट तांबडे व छाप काळा अशी अदलाबदल करावी लागली. एवढ्यानेही भागेना. तेव्हा छापखानेवाल्यांनी उलटी युक्ती काढली. छाप पक्का करून चोर थांबत नसेल, तर तिकीटच कच्चे करावे! अशा शाईने तिकिटे छापावयाची की, छाप धुण्यासाठी पाणी लावले की तिकिटाचा रंगच वाहून जावा. दे ला रू ह्या लंडनच्या कारखान्याने ह्या पळपुट्या शाया पुष्कळ वापरल्या. १८८३-८४ साली इंग्लंडात निघालेली जांभळी व हिरवी तिकिटे ह्याच जातीची. ती दिसावयास इतकी फिकट होती की लोकांनी त्यांस नाके मुरडली. आणि आज संग्राहक अशी तिकिटे लिफाफ्यावरून सोडविण्यासाठी पाण्यात टाकण्याचे धाडस करीत नाहीत. हिंदुस्थानची तिकिटेही ह्याच कारखान्यातून येत असत. कायद्यानेही आपले काम केले. १८६० च्या दंडविधानात बनावट मुद्रांकांबरोबरच वापरलेला मुद्रांक पुन्हा वापरणे व त्यावरील वापराची खूण पुसणे हे स्वतंत्र गुन्हे ठरविले गेले.

ही पळपुटी शाई आम्हांस फार मोलाची वाटते. पाण्याने बदलणारी आणि त्या बदलाने खोटे उघडे पाडणारी जी नवीन द्रव्ये आज प्रयोगशाळांतून निघत आहेत, त्यांची खरी आजी हीच. तिची परीक्षा करावयास ना भिंग लागे ना दिवा. तांब्याभर पाणी पुरे. परंतु तिच्यात दोष असा की परीक्षा आणि नाश ही एकच. तिकीट खरे आहे की नाही हे पाण्यास विचारले, आणि पाण्याने 'खरे होते' असे भूतकाळात उत्तर दिले!

जलचिन्हाचा विचार येथे लांबवीत नाही, कारण त्याचे नाव पाण्याचे असले तरी ते पाण्याने बदलत नाही. इटलीतील फाब्रिआनो येथे तेराव्या शतकात ओल्या लगद्यावर तारेचा ठसा उमटवून ते करू लागले. कागदाची जाडी तेथे कमी होते म्हणून उजेडात ते दिसते, इतकेच. इतिहाससंशोधकावर मात्र त्याचे उपकार आहेत. जुन्या तिथीचा कागद उजेडाकडे धरावा आणि त्यात पन्नास वर्षे नंतरच्या विलायती कारखान्याचे चिन्ह दिसावे, ह्याहून निर्लज्ज असा कबुलीजबाब दुसरा नसेल.

१९२५ साली नाशिक रोड येथे सरकारी सुरक्षा छापखाना उभा राहिला, आणि लंडनहून येणारी तिकिटे व मुद्रांक येथेच छापले जाऊ लागले. १९२८ पासून नोटाही येथे निघू लागल्या. मराठी मुलुखाच्या दृष्टीने ही घटना सामान्य नव्हे. अखिल देशाच्या विश्वासाचा कागद गोदेच्या काठी छापला जाऊ लागला. स्टोक्स साहेबांची प्रतिदीप्तीही हळूहळू कामास लागली. १९९६ पासून निघालेल्या गांधीमालेच्या नोटांत अतिनील दिव्याखाली चकाकणारे आकडे व तंतू आहेत. २००० सालापासून मोठ्या नोटांवर तिरपी धरल्यास हिरव्याची निळी दिसणारी शाई आली. ह्या खुणा उत्तम आहेत ह्यात संशय नाही. तरीही त्यांतील एक भेद वाचकांनी पाहावा. तिरपी धरून रंग पाहणे कोणासही जमते; अतिनील दिवा मात्र पेढीच्या मेजावर असतो, भाजीवालीच्या टोपलीत नसतो. परीक्षेचे साधन पुन्हा एकदा सराफाच्या हाती गेले.

मुद्रांकाच्या बाबतीत तर सामान्य माणसास काहीच उरले नाही, आणि त्याचा जो परिणाम झाला तो भिवंडी तालुक्याने अगदी जवळून पाहिला. अब्दुल करीम तेलगी ह्याने मुद्रांक विक्रीचा परवाना मिळवून बनावट मुद्रांकांचा जो धंदा उभारला, त्याची पाळेमुळे अनेक राज्यांत पसरली होती. २००२ मध्ये पुण्यात तपासास वेग आला आणि २००३ मध्ये भिवंडी येथून बनावट मुद्रांकांचा प्रचंड साठा पकडला गेला. त्याने वापरलेली यंत्रे नाशिकच्या सरकारी छापखान्यातून मोडीत निघालेली होती, ही बाब बाहेर आली तेव्हा लोक थक्क झाले. त्याचे गिऱ्हाईक भोळे खेडूत नव्हते; पेढ्या, विमा कंपन्या आणि दलालांच्या कचेऱ्या त्याचा माल घेत होत्या. २००७ साली पुण्याच्या विशेष न्यायालयाने त्यास तेरा वर्षांची शिक्षा व दोनशे दोन कोटी रुपये दंड ठोठावला. २०१७ साली तो कैदेत असतानाच मेला. ज्या यंत्राने खरे छापले, त्याच जातीच्या यंत्राने खोटे छापले, तर त्या दोहोंतील भेद कोणती शाई दाखविणार? हा प्रश्न त्या वेळी पुष्कळांनी विचारला. आम्हांस तो घरीच ऐकावा लागला.

मामांच्या पश्चात मामींनी अकलोलीच्या रस्त्यालगतचा लहानसा तुकडा २००१ मध्ये विकत घेतला होता. कागद तालुक्याच्या ठिकाणी एका विक्रेत्याकडून घेतलेल्या मुद्रांकावर झालेला. भिवंडीचे वर्तमान गावात पसरले त्या आठवड्यात त्यांचा निरोप आला, तेव्हा आम्ही गेलो. मामींनी पेटीतून कागद काढला, उजेडाकडे धरला, उलटा केला आणि आमच्यापुढे ठेवला.

"तू एवढा शिकलेला. मला सांग, हा खरा की त्या मेल्याचा?"

आम्ही तो खिडकीशी नेला. तिन्ही बाजूंनी पाहिला. आम्ही मोडी दप्तरे वाचणारे. दोनशे वर्षांपूर्वीची मोर्तब पाहून बरेवाईट सांगणारे. आणि दोन वर्षांपूर्वीच्या मुद्रांकाबद्दल आम्हांस एक अक्षरही खात्रीने सांगता येईना. "मामी, नुसत्या डोळ्यांनी नाही कळायचे," एवढेच म्हणालो.

"मग कशाने कळायचे?"

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन आम्ही कचेरीत गेलो. तेथील गृहस्थ सौजन्याने बोलले. परंतु तपासावयाचा दिवा त्यांच्याजवळ नव्हता, आणि कागद ठेवून जा असे ते म्हणताच मामींनी तो पदराखाली घेतला. त्या दिवशी घरी परतताना त्या गाडीत पुटपुटल्या, की जोडव्यांना निदान कुंड तरी होते.

गेल्या काही वर्षांत नवीन द्रव्यांविषयी आम्ही जे वाचू लागलो त्याचे मूळ ह्या पुटपुटण्यात आहे. त्यातही एक जुना योगायोग आम्हांस सापडला. ज्या १७३७ साली चिमाजी अप्पांनी साष्टीत ठाणे घेऊन वसईची मोहीम उघडली, आणि जीत यश मिळाल्यावर नवस फेडण्यासाठी वज्रेश्वरीचे आजचे देऊळ बांधविले, त्याच साली फ्रान्समध्ये झाँ एलो नामक रसायनज्ञाने कोबाल्टच्या गुप्त शाईचे वर्णन केले. त्या शाईने लिहिलेले अक्षर कागदावर दिसत नाही. शेकले की निळेहिरवे उमटते, आणि थंड होऊन हवेतील ओल प्याले की पुन्हा मावळते. कोबाल्टच्या क्षारात पाण्याचे रेणू शिरले की तो गुलाबी, निघून गेले की निळा. औषधाच्या वा चामड्याच्या वस्तूंच्या खोक्यांत ओल शोषणाऱ्या खड्यांची पुडी असते. तिच्यातील निळे खडे गुलाबी झालेले ज्यांनी पाहिले असतील, त्यांस एलोची शाई माहीत आहे असे समजावे. पळपुट्या शाईच्या आधी दीड शतक हिने एक गोष्ट साधली होती. ती पाण्याने बदले, पण मरत नसे.

आजची द्रव्ये ह्या एलोच्या गुणास स्टोक्सच्या गुणाची जोड देतात. त्यांचे कण एका मीटरच्या अब्जांश मापात मोजावयाचे, म्हणून त्यांस नॅनोकण म्हणतात. केसाच्या जाडीत त्यांचे हजारो शेजारी शेजारी मावतील. इतक्या लहानपणी पदार्थाचा स्वभाव पालटतो. एकाच पदार्थाचा कण किंचित मोठा केला की प्रकाश तांबडा, लहान केला की निळा, असा प्रकार घडतो. ह्या पुंजबिंदूंच्या शोधाबद्दल बावेंडी, ब्रूस व येकिमोव्ह ह्या तिघांस २०२३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आता अशा कणांस पाणी भेटले म्हणजे काय होते? एका जातीत सीझियम, शिसे व ब्रोमीन ह्यांचा स्फटिक असतो. त्यात सीझियम अधिक असता तो दिव्याखाली जवळजवळ मुका राहतो. पाणी लागले की त्यातील सीझियम ब्रोमाइड विरघळून निघते, रचना बदलते, आणि उरलेला स्फटिक झगझगीत हिरवा बोलू लागतो. दुसऱ्या जातीत युरोपियमसारख्या दुर्मिळ मृत्तिकांचे अणू सेंद्रिय रेणूंच्या जाळीत बसविलेले असतात. पाण्याचा रेणू त्यांच्यालगत येऊन बसला की अणूजवळची ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडण्याऐवजी त्या रेणूच्या कंपनात जिरते, तांबडा प्रकाश मंदावतो, आणि जाळीचा स्वतःचा निळा रंग वर येतो. वाळविले की पाणी निघून जाते व मूळचा रंग परततो.

तिसरी जात आम्ही डोळ्यांनी पाहिली. रसायनशास्त्राचे आमचे एक सहाध्यापक लिंबाचे सत्त्व आणि बोरिक आम्ल एकत्र तापवून कार्बनचे असे कण करतात. साहित्य शाळेतील पोरासही परवडावे इतके स्वस्त. त्यांनी कागदाच्या पट्टीवर ते द्रव्य लावून वाळविले, खोली अंधारी केली व पट्टीवर क्षणभर अतिनील प्रकाश टाकला. दिवा विझला तरी पट्टी काही पळे तेवत राहिली. मग त्यांनी बोट पाण्यात बुडवून पट्टीवर एक थेंब ठेवला आणि पुन्हा दिवा लावून विझविला. थेंब पडला होता तेवढी जागा काळी राहिली. सभोवारची मात्र मघासारखी तेवत होती. पाण्याने कणांभोवतीचे घट्ट आवरण सैल होते, आणि आत अडकून राहिलेली ऊर्जा प्रकाश न होता नाहीशी होते, असा त्याचा उलगडा त्यांनी केला. नकली रंगाची चकाकी साधी असते. ती ओली झाली तरी तशीच राहील, आणि म्हणून ती पकडली जाईल. एका खुणेने दोन वेळा दोन निरनिराळी उत्तरे द्यावयाची व ती ठरल्याप्रमाणेच द्यावयाची, हे नुसत्या रंगाची नक्कल करणाऱ्यास साधत नाही.

आम्ही मोहून गेलो, हे कबूल केले पाहिजे. परंतु आमचा पिंड कोकणच्या पावसावर पोसलेला, त्यामुळे पहिली शंका आली ती आषाढाची. ज्या वज्रेश्वरीत जून ते सप्टेंबर पेटीतील कपड्यांस बुरशी येते, तेथे ओलीने बदलणारी खूण चार महिने आपण होऊनच साक्ष देत बसेल, आणि खऱ्या कागदास खोटा ठरवील. सहाध्यापकांनी ती शंका उडवून लावली नाही. हवेतील ओल आणि पाण्याचा थेंब ह्यांतील भेद खुणेस कळला पाहिजे, आणि शेकडो वेळा भिजून वाळूनही तिने थकता कामा नये, हीच ह्या शाखेतील मोठी अडचण आहे, असे ते म्हणाले. सीझियमच्या जातीत शिसे आहे, आणि शिशाचे विष हातोहात फिरणाऱ्या कागदावर कोणी घालू नये, हे आमचे मत आहे. शिवाय दिवा येथेही लागतोच. पाणी घरचे असले तरी अदृश्य किरण घरचा नाही. अतिनील प्रकाशाची खिशात मावणारी बत्ती हल्ली थोडक्या पैशांत मिळते, एवढाच त्यावर उतारा. दिव्यावाचून, केवळ पाण्याने रंग पालटणारी द्रव्येही आहेत. आम्हांस विचाराल तर खेडेगावच्या कागदासाठी आम्ही तीच पसंत करू, मग ती कमी चकाकोत.

आणि तेलगीचे काय? यंत्रासारखीच उद्या शाईही मोडीत निघाली, किंवा तिच्या बरणीस पाय फुटले, तर? येथे आम्ही द्रव्यावर अन्याय करू इच्छित नाही. मोर्तब करणारी मुद्रा ज्याच्या हाती असे त्यानेच ती भलत्या कागदावर उमटविली, तर ते मुद्रेस ओळखता येत नसे. म्हणून तर बार लिहिण्याची चाल होती. खूण कितीही चतुर असो, तिचा जोडीदार दुसऱ्या ठिकाणी बसलेला असला पाहिजे. जुन्या लोकांनी खूण, दप्तर आणि गोत असे तिघे साक्षीदार ठेवले होते. आपण खुणेवर अपार बुद्धी खर्च केली आणि उरलेल्या दोघांस रजा दिली, अशी आमची तक्रार आहे. तेलगी प्रकरणानंतर ई-मुद्रांक आले व नोंद यंत्रावर पाहता येऊ लागली, हे दप्तराचेच पुनरागमन होय. तेथे एक आकडा घालून कोणासही विचारता येते, ही त्यातील चांगली गोष्ट. वीज असेल तर, एवढे जोडावे लागते.

मामींच्या कागदाचे पुढे काय झाले ते सांगावयाचे राहिले. तिसऱ्या खेपेस कचेरीत विक्रेत्याची वही पाहावयास मिळाली. कागदामागचा अनुक्रमांक, तारीख आणि मामींचे नाव तिच्यात एका ओळीत लिहिलेले होते. सहीच्या जागी मामांच्या धाकट्या भावाचे वळणदार अक्षर होते, कारण कागद आणावयास तोच गेला होता. मामींनी वहीवर बोट ठेवून ते अक्षर ओळखले, आणि तेथील गृहस्थांस म्हणाल्या, "हा आमच्या भाऊजींचा 'व'. असा 'व' दुसऱ्या कोणाला काढता यायचा नाही." त्यानंतर त्यांनी कागद पुन्हा पेटीत ठेवला. परवा आम्ही गेलो होतो तेव्हा पाहिला. मध्यंतरी एका पावसाळ्यात छप्पर गळून त्याचा एक कोपरा भिजला आहे, आणि विक्रेत्याच्या रबरी शिक्क्याची जांभळी शाई तेथे बोटभर पसरली आहे. मामी आता नव्वदीच्या घरात आहेत. कागदाची घडी घालताना त्यांनी विचारले, की हे जांभळे पसरले ते चांगले की वाईट. शिक्क्याची शाई तशीही पसरतेच, असे आम्ही सांगितले. त्यांनी पेटीत कापराची वडी टाकली आणि झाकण लावले.